अंदमानला जाताय? घड्याळ तासभर पुढे करा

गोव्यात डिसेंबरात सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो. अंदमानात पाचच्या सुमारास काळोख! घड्याळ तेच, पण बेटं खूप पूर्वेला. आम्ही म्हापशाच्या सवयीने निवांत चहा घेऊन साडेतीनला रॉस बेटाकडे निघालो, आणि हातात जेमतेम उजेड उरला.

उपाय सोपा आहे:

१. मनातलं घड्याळ तासभर पुढे करा. गोव्यात जे नऊला केलं असतं, ते तिथे आठला.
२. उघड्यावरच्या जागा सकाळी. रॉस (आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) इंग्रजांचं मुख्य ठाणं होतं. छप्पर गेलेल्या चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी बोटांसारखं घट्ट धरलंय. जुन्या गोव्यातली राखलेली चर्चेस पाहून आलेल्या माणसाला ते बघताना गलबलून येतं. तिथे घाई करू नका.
३. सेल्युलर जेल वेगळ्या दिवशी. १९०६ मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. कोठडीत थोडा वेळ एकट्याने उभे राहा. सुट्टीचा वार आधी विचारून घ्या.

एक मात्र सांभाळा: हॅवलॉक बेटाहून (आता स्वराज द्वीप) परतून त्याच दिवशी विमान धरू नका. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. शहराचं नाव आता श्री विजयपुरम आहे, तिकीट काढताना गोंधळू नका.