कॅलेंडरवरचं भाडं

टेलरिंगचा गाळा ४ वर्षं तोंडी बोलीवर चालवला. भाडं रोख, पावती नाही. मालककाका कॅलेंडरवर तारखेभोवती गोल करायचे, तोच आमचा हिशोब. काका गेले आणि मुलगा म्हणाला, "डिपॉझिट? कसलं डिपॉझिट? महिनाअखेर गाळा सोडा."

वकीलबाईंनी आधी एवढंच सांगितलं: भाडं थांबवू नका, रोखही देऊ नका. मग बँकेतून पाठवायला लागले, शेऱ्यात 'गाळा भाडे' आणि महिना. जुनी वीजबिलं, गुमास्ता (दुकान नोंदणीचा कागद), कॅलेंडरचे फोटो, सगळं एका फाइलला लावलं.

नोटिशीत त्यांनी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ घातलं. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. वर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. काकांच्या मुलाचा, म्हणजे दादांचा, सूर एकदम 'ताई' वर आला!

मात्र ते लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे जागा फक्त वापरायची परवानगी देणाऱ्या करारावर, अडले. स्वस्त पडतं खरं, पण त्यात माझं भाडेकरूपण गेलं असतं. मी ठाम राहिले. जास्तीचं मुद्रांक शुल्क मी भरलं, भाडेपट्टा नोंदवला. डिपॉझिट मात्र दहा हजारांनी कमी लिहिलं, तेवढं सोडलं.