शेतातली माती उचलताय? या चुका टाळा

ऊस तुटून रान मोकळं झालं की पंचगंगेकाठच्या मळीच्या रानात जेसीबी उतरतात. वीटभट्टीला पोयटा (गाळाची माती) हवा असतो, रस्त्याला भराव. आणि दरवर्षी तीच चूक होते: तहसीलला रॉयल्टीचं चलन भरलं की काम झालं, असं धरून चालतात.

चलन हा महसूलचा कागद. पर्यावरण मंजुरी वेगळी. पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजाच्या (माती, वाळू, मुरूम वगैरे) पट्ट्यांनाही ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 सालीच सांगितलं. सूट कुणाला, ते केंद्राच्या 15 जानेवारी 2016 च्या अधिसूचनेत आहे: हाताने माती काढणारे कुंभार, पुरानंतर शेतात साचलेली वाळू काढणारा शेतकरी, विहीर खोदाई, गावतळ्याचा गाळ वगैरे. जेसीबीने काढून भट्टीला विकलेली माती त्यात नाही. ठेकेदार 'रस्त्याच्या कामाला मंजुरी लागत नाही' म्हणून केंद्राच्या 2020 च्या आदेशाची झेरॉक्स दाखवेल. त्यातली सरसकट सूट सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 ला रद्द केली. तुमचा गट नंबर असलेलं चालू तारखेचं मंजुरीचं पत्र हातात येईपर्यंत मशीन बांधावर येऊ देऊ नका.

दुसरी चूक मोजमापाची, आणि ती घाईतून होते. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. एक गुंठा एक फूट खोदला की जवळपास 11 ब्रास. समजा 10 गुंठ्यांसाठी 110 ब्रासचा परवाना काढला. जेसीबीवाला तासावर, त्याला उरकायची घाई. कडेला फूटभर आणि मधे दोन फूट जातो. सरासरी दीड फूट धरली तरी खड्डा 163 ब्रास भरतो. वरचे 53 ब्रास विनापरवाना, आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. तेव्हा मशीनवाला दुसऱ्या गावात असतो. नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते.

म्हणून आधी चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोका, दोरी ताणा, आणि रानात चार-पाच ठिकाणी हातभर रुंदीचे मूळ उंचीचे मातीचे खांब न खोदता सोडा, म्हणजे किती खोल गेलं ते त्यावरून मोजता येतं. पंचनाम्यापर्यंत ते मोडायचे नाहीत. आणखी एक: खोदलेली माती फुगते, साधारण पाव हिश्श्याने. खड्ड्यातले 110 ब्रास ट्रॉलीत 135 च्या पुढे जातात. वाहतुकीचा पास खड्ड्याच्या मापावर मिळणार की ट्रॉलीच्या, हे अर्ज देतानाच विचारून घ्या.

वरचा वीतभर थर विकूच नये, असं आमचं ठाम मत आहे. सेंद्रिय कर्ब तिथेच असतो. तो आधी बाजूला काढा, ढीग माणसाच्या उंचीपेक्षा वर नेऊ नका, खालची माती गेली की परत पसरा. हे टाळलं तर पुढचा ऊस खुरटतो आणि खताचा खर्च वाढतो.

सातबाऱ्यावर भावकीची नावं असतील तर सगळ्यांची लेखी संमती घ्या.

घराच्या पायाची माती त्याच प्लॉटवर वापरणं वेगळं, ती बाहेर विकणं वेगळं. विकायची असेल तर परवाना काढा.

पासवरचा गाडी नंबर आणि समोरची गाडी प्रत्येक खेपेला ताडून बघा.