ब्रीडरकडून मादी पोपट घेताय? या चुका टाळा

पोपट घ्यायचा ठरला की लोकांचा पहिला प्रश्न "मादीच आहे ना?" आणि दुसरा "कधी देताय?". तब्येतीचं विचारणारा विरळाच. मादीच का हवी विचारलं तर म्हणे ती शांत असते, चावत नाही. हे कोणी पसरवलं देव जाणे. वयात आलेली लव्हबर्डची किंवा इक्लेक्टसची मादी आपल्या कोपऱ्यासाठी कशी भांडते ते एकदा बघा, मग बोलू. मादी घ्यायला ना नाही, पण हे घोळ घालू नका.

नुसतं बघून मादी ठरवणं

हा माझा सगळ्यात नावडता घोळ. रिंगनेकच्या नराला कंठ, म्हणजे गळ्याभोवतीचा काळा पट्टा, फुटतो तो साधारण दीड ते तीन वर्षांचा झाल्यावर. तोपर्यंत नर काय नि मादी काय, दोघांचीही मान कोरी. म्हणजे सहा महिन्यांचं पिल्लू दाखवून "बघा, कंठ नाही, मादी आहे" म्हणणारा एकतर अडाणी आहे नाहीतर तुम्हाला अडाणी समजतोय.

ओळखीतल्या एका बाईंनी अशीच निळी रिंगनेक "मादी" घेतली. ब्रीडरने डीएनए सर्टिफिकेट पण दिलं, मग काय, बाई खूश. नाव ठेवलं, पुढे तिला जोडीदार म्हणून एक नरसुद्धा आणला, आणि दोघांची रोज मारामारी. बाई म्हणायच्या रुळतील हळूहळू. मग एका मोल्टनंतर (जुनी पिसं गळून नवी आल्यावर) त्या "मादी"च्या गळ्याभोवती काळी रेघ उमटायला लागली! मी ते सर्टिफिकेट मागून बघितलं तर त्यावर जो रिंग नंबर होता तो या पोपटाच्या पायात नव्हताच, याच्या पायात रिंगच नव्हती. कुठल्या तरी दुसऱ्याच पक्ष्याच्या कागदाची झेरॉक्स. कागद बघितला सगळ्यांनी, पाय कोणीच बघितला नाही.

तर माझी पद्धत अशी की आधी पायातली रिंग वाचायची, मग कागद. रिंग बंद हवी, सांधा नसलेली, कारण ती पिल्लू काही दिवसांचं असतानाच पायात सरकवता येते, मोठ्या पक्ष्याला घालताच येत नाही. बऱ्याचदा तिच्यावर जन्मवर्ष पण असतं. उघडी, चिमट्याने दाबलेली रिंग कोणीही कधीही घालू शकतं, तिच्यावरून वय वगैरे काही ठरवू नका. आणि नंबर जुळत नसेल किंवा रिंगच नसेल तर नवीन टेस्ट करायची, सॅम्पल आपल्यासमोर घ्यायला लावायचं, रक्ताचा थेंब किंवा छातीवरची उपटलेली दोन-चार पिसं. पिंजऱ्याच्या तळाशी गळून पडलेलं पीस चालत नाही, ते कोणाचं आहे कोणास ठाऊक, आणि डीएनएसाठी मुळाशी पेशी लागतात.

कॉकाटीलमध्येही पहिल्या मोल्टपर्यंत नर मादीसारखाच दिसतो. बजीमध्ये (बजरिगार) मोठ्या मादीची नाकपुडीभोवतीची पट्टी तपकिरी आणि नराची निळी, पण ल्युटिनो-अल्बिनो नरांची गुलाबीच राहते, तिथे भलेभले फसतात. आफ्रिकन ग्रे, मकाव, कोन्युअर यांच्यात तर अंदाजपंचे बोलूच नका. बिनधास्त रंगावरून सांगावं ते इक्लेक्टसचं, नर हिरवा, मादी लाल.

स्वतः भरवायला म्हणून कोवळं पिल्लू घेणं

"आपल्या हाताने भरवलं की जास्त लळा लागतो." नाही लागत हो! स्वतः खायला लागलेलं, माणसांची सवय असलेलं पिल्लू तितकंच जीव लावतं. फॉर्म्युला, म्हणजे पिल्लांचं पातळ खाणं, साधारण ४० अंश सेल्सिअसला द्यावा लागतो. थंड दिला तर क्रॉपमध्ये (गळ्याखालची अन्नाची पिशवी) साठून आंबतो, गरम दिला तर क्रॉप आतून भाजतो, आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम केलात तर वरून कोमट आणि मध्येच चटका देणारा भाग, बोट लावून कळत पण नाही. सिरिंज घाईत दाबली की फॉर्म्युला श्वासनलिकेत, मग न्यूमोनिया. ज्यांना पिल्लू उद्याच घरी हवंय त्यांनीच हे सगळं करायचं ठरवलेलं असतं, काय बोलणार. मी तर ब्रीडरला सांगते, माझ्यासमोर त्याला स्वतःहून खाताना दाखवा, नाहीतर मी पुन्हा येईन.

गेल्या गेल्या हातात घेणं

पोपट आजार लपवतो, माणूस जवळ गेला की ताठ बसतो. म्हणून लांब बसून बघा. पिसं फुगवून झोपाळू बसलीये का, श्वासाबरोबर शेपटी वरखाली होते का. मग जवळून नाकपुड्या कोरड्या आणि शेपटीखालचा भाग स्वच्छ आहे ना बघा. छातीचं हाड हाताला सुरीच्या धारेसारखं लागलं तर सोडून द्या, मादी कितीही गोड असू दे. विष्ठेत घट्ट भाग, पांढरा भाग आणि थोडं पाणी, तिन्ही वेगवेगळं दिसायला हवं.

शेजारच्या पिंजऱ्यातला पक्षी आजारी दिसतोय पण "आपली" ठीक आहे? तरी नको. सिटाकोसिस हा पोपटांचा संसर्ग माणसालाही होतो, आणि चोच-पिसांच्या आजाराचा व्हायरस वरून धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्यातही असू शकतो.

दया येऊन आजारी पक्षी उचलणं. डॉक्टरची तयारी असेल तरच.

कागद न बघता ग्रे घेणं. २०१६ मध्ये आफ्रिकन ग्रेला साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात टाकायचं ठरलं. ब्रीडर "त्याचं काय एवढं" म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

अंड्यांचं न विचारणं

मादीला अंडं घालायला नर लागत नाही, हे ऐकून लोक अजूनही दचकतात. बजी, कॉकाटील, लव्हबर्डच्या काही माद्या एकामागून एक घालत सुटतात, कॅल्शियम संपतं, अंडं अडकतं, आणि अडकलं की ती इमर्जन्सी असते, तेल-बिल लावत बसू नका, सरळ डॉक्टर गाठा. म्हणून विचारा, आधी अंडी घातलीत का, किती वेळा, खाणं फक्त बियांवर आहे का. ब्रीडिंगमधून काढलेली दमलेली मादी "यंग" म्हणून खपवतात. ग्रे असेल तर डोळे बघा, पिल्लाचे गडद असतात आणि मोठ्या पक्ष्याचे फिकट पिवळे. घरी आणल्यावर नेस्ट बॉक्स ठेवू नका, पाठीवरून हात फिरवू नका, तिला ते जोडीदाराचं वागणं वाटतं.

आजार निघाला तर परत घेणार हे आधीच लिहून घ्या आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या. घरात दुसरा पोपट असेल तर नवीला किमान महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा, आणि रोज आधी जुन्याचं खाणं-पाणी, साफसफाई उरका, मग नवीचं, उलटं नको.