जुना कॉम्प्युटर शाळेला देण्याआधी

अंबाजोगाईत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे अपडेट, संपला, आणि ऑफिसांतून चांगल्या चालत्या मशिनी निघायला लागल्या. भंगारात घालू नका, झेडपीच्या शाळेला द्या. पण आधी शाळेत रिकाम्या हातानं जाऊन या.

मी पहिल्यांदा गेलो तो थेट सहा मशिनी गाडीत घालूनच. दिवाळीच्या सुट्टीनंतर चार बंद. शाळेच्या वायरिंगला अर्थिंगच, म्हणजे जादा वीज जमिनीत उतरवणारी जोडणीच, नव्हती. एका कॅबिनेटची मागची पट्टी मी लावली नव्हती, तिथून उंदीर आत शिरला आणि वायरी कुरतडल्या. लेकरं दारात उभी होती, मला त्यांच्याकडं बघवेना.

तेव्हापासून व्होल्ट मोजायचं मीटर बरोबर नेतो. फेज आणि न्यूट्रलमध्ये जेवढे व्होल्ट दिसतात, जवळपास तेवढेच फेज आणि अर्थिंगमध्ये दिसले पाहिजेत. नसतील तर वायरमनकडून अर्थिंगचा खड्डा करून घ्या. तो खर्चही देणगीतच धरा. आपल्याकडं उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतायला सांगून ठेवा. प्रत्येक मशिनला यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी थोडा वेळ मशीन चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, हवाच, आणि त्याची बॅटरी नवी.

मशीन उघडून धूळ काढा, प्रोसेसरची पेस्ट बदला. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ चा गोल सेलही बदला; तो उतरला की तारीख चुकते आणि वेबसाइट उघडत नाहीत. नुसतं फॉरमॅट केल्यानं ऑफिसची माहिती पुसली जातेच असं नाही. मी जुनी हार्डडिस्क काढून मालकाच्या हातात देतो आणि तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे जास्त वेगाची नवी डिस्क, बसवतो. तेवढ्यानं जुनं मशीन पळायला लागतं. रॅम ४ जीबीच्या खाली नको. मोठे काचेचे जुने मॉनिटर देऊच नका.

चोरीचं विंडोज टाकू नका. विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती फुकट आहे आणि हलकी आहे. त्यावर लिहिण्या-हिशेबासाठी लिबरऑफिस, लहानांसाठी जीकॉम्प्रिस हे शिकवणाऱ्या खेळांचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड. गावात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून किविक्स नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी विकिपीडिया भरून द्या, तो इंटरनेटशिवाय उघडतो.

मुख्याध्यापकांचं मागणीपत्र, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव आणि शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरला नोंद, एवढे कागद करून घ्या. एक अडचण मात्र मी पुष्कळदा पाहिली. रजिस्टरला चढलेली वस्तू बिघडली तर जबाब कोण देणार, या धास्तीनं गुरुजी खोलीला कुलूप लावतात. त्यांची भीती खरी आहे. म्हणून समितीसमोरच सांगा की बिघडलं तर दुरुस्ती आमची, आणि आपला नंबर भिंतीवर लिहून या.

मशिनी जूनमध्येच पोचवा. दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, कितीतरी लेकरं आईबापाबरोबर जातात. त्याआधी त्यांचा हात माऊसवर बसायला हवा. आणि ऑगस्टमध्ये परत चक्कर मारा. जाताना धूळ उडवायचा ब्लोअर, दोन जास्तीचे माऊस आणि एक एसएमपीएस, म्हणजे मशिनला वीज पुरवणारा डबा, पिशवीत असू द्या.