तिरप्या उजेडात चित्र वाचताना

संग्रहालयातल्या चित्राची डिजिटल नोंद करायची म्हटली की लोक आधी कॅमेरा कोणता, ते विचारतात. मी आधी दिवे विचारते.

पहिला फोटो साधा. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर, ४५ अंशांत दिवे लावा. कॅमेरा चित्राला अगदी समांतर हवा, कडेला रंगपट्टी आणि मोजपट्टी. फाइल रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात घ्या. ६० सेंटिमीटर रुंद चित्र ६००० पिक्सेलमध्ये बसवलं, तर एक पिक्सेल ०.१ मिलिमीटरचा पडतो. केसाएवढ्या तड्यांना तो पुरत नाही. मग तुकड्यातुकड्याने फोटो काढून जोडायचे. रेम्ब्रांच्या ‘नाइट वॉच’चे ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने असे ८,४३९ फोटो जोडून २०२२ मध्ये ७१७ गिगापिक्सेलची प्रतिमा खुली केली.

आता खोलीत अंधार करा. एकच दिवा डावीकडे ठेवा, उजेड चित्रावरून सरपटत जाईल इतका तिरपा. यात माझा जीव रमतो. मघाशी सपाट दिसणारा कॅनव्हास डोंगरदऱ्यांचा होतो; सुटू लागलेल्या रंगाचा पापुद्रा सावली टाकतो, ब्रश कुठे टेकला आणि कुठे उचलला तेही कळतं. मात्र दिव्याची बाजू लिहून ठेवा. एकदा माझं ते राहिलं. वर्षभराने फोटो उघडला, तर कोपऱ्यातला तो फुगवटा की खळगा, ठरेना. उजेडाची बाजू ठाऊक नसेल तर दोन्ही सारखेच दिसतात. फुगवट्याखाली रंग सुटत असू शकतो, तिथे थांबून चालत नाही. चित्र पुन्हा भिंतीवरून उतरवावं लागलं, आणि प्रत्येक उतरवण्यात चित्राला धोका असतो. तेव्हापासून फाइलच्या नावातच ‘डावा’ लिहिते.

अतिनील दिवा ३६५ नॅनोमीटरचा घ्या, डोळ्यांना गॉगल आणि लेन्सवर अतिनील अडवणारा फिल्टर लावा. जुनं राळेचं व्हार्निश हिरवट चमकतं, त्यावर नंतर केलेली डागडुजी काळपट उठते. पण काळपट दिसलं की डागडुजीच, असं धरू नका. टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंगही काळपटच दिसतो. साध्या फोटोशी ताडून बघा.

अवरक्त प्रकाशात रंगाखालचं कोळशाचं रेखाटन वर येतं. लाल खडूचं बहुधा येत नाही. म्हणून नोंदीत ‘रेखाटन नाही’ असं लिहू नका. ‘अवरक्तमध्ये दिसलं नाही’ असं लिहा.