पहिली नाईट डाईव्ह करताय? आधी टॉर्च वापरायला शिका

स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा ओपन वॉटर कोर्स झाला की बऱ्याच जणांना नाईट डाईव्हचे वेध लागतात आणि ते बरोबरच आहे, कारण दिवसा पाहिलेला कोरल रीफ रात्री ओळखूसुद्धा येत नाही. पण तयारी म्हटली की सगळे कॅमेऱ्याच्या मागे लागतात, मी तर म्हणेन कॅमेरा पहिल्या वेळी वरच ठेवा आणि टॉर्च नीट हाताळायला शिका, कारण खाली बघणं, बोलणं, एकमेकांना सांभाळणं सगळं त्या उजेडावरच चालतं.

प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, एक मुख्य आणि एक बॅकअप, शिवाय टँकला छोटा मार्कर लाईट. इशारे पाण्यात उतरायच्या आधीच बडीशी (सोबतच्या जोडीदार डायव्हरशी) पक्के करा, म्हणजे उजेडाचा मोठा गोल काढला की ओके, सावकाश आडवा हलवला की इकडे बघ, आणि भराभर हलवला की मदत हवी. हाताने खूण करायची तर उजेड स्वतःच्या हातावर टाका, समोरच्याच्या डोळ्यांवर अजिबात नको, एकदा डोळे दिपले की परत अंधाराला सरावायला वेळ लागतो.

जागा अशी निवडा जी दिवसा बघून झालीये, उथळ आहे आणि जिथे पाण्याला ओढ (करंट) नाही. सूर्य मावळता मावळता उतरलात तर अंधार हळूहळू होतो नि भीतीही कमी वाटते. खाली जाताना लाईन (खाली सोडलेली दोरी) धरून जा, कारण काळ्या पाण्यात वर कुठे, खाली कुठे हेच पटकन कळत नाही.

आता खरी मजा. दिवसा पाणी लाल रंग शोषून घेतं म्हणून दहा-पंधरा मीटरवर सगळं निळसर दिसतं, रात्री मात्र टॉर्च जवळून मारला की लाल, नारिंगी रंग जसेच्या तसे दिसतात. दिवसा बऱ्याच कोरलचे पॉलिप्स (कोरल ज्यांनी बनतं ते छोटे जीव) आत मिटलेले असतात ते रात्री टेंटॅकल्स म्हणजे सोंडेसारखे तंतू पसरून प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) पकडतात, काही पॅरटफिश स्वतःभोवती चिकट पारदर्शक कोष करून झोपतात, आणि ऑक्टोपस, लॉबस्टर, मोरे ईल बाहेर निघतात. म्हणून एका छोट्याशा जागेवर थांबा, निवांत बघा, सगळा रीफ फिरायची घाई कशाला! लायनफिश टॉर्चच्या उजेडात शिकार करायला मागे येतात, त्यामुळे लहान माशावर झोत रोखून धरू नका, उगाच त्याचा जीव जातो. झोपलेल्या माशांनाही त्रास नको. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात वर-खाली न होता तरंगत राहणं, मात्र पक्की हवी, अंधारात पायातले फिन्स कोरलला लागले तर तुम्हाला कळणारही नाही.

एखाद्या सुरक्षित जागी सगळ्यांनी मिळून टॉर्च छातीशी धरून झाका आणि पाण्यात हात हलवा. प्लँक्टन असेल तर निळ्या ठिणग्या उडतात, याला बायोल्युमिनेसन्स म्हणतात, मला तर दर वेळी तेवढंच भारी वाटतं.

बडी दिसेनासा झाला तरी हीच युक्ती, उजेड झाकून गोल फिरा, त्याचा लाईट दिसतो का बघा. मिनिटभरात नाही सापडला तर सावकाश वर या, तोही तेच करेल हे आधीच ठरलेलं असू दे.

शिकायचं असेल तर पॅडी (PADI) या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ॲडव्हान्स्ड ओपन वॉटर कोर्समध्ये 5 डाईव्ह असतात, त्यात डीप आणि नेव्हिगेशन सक्तीच्या, उरलेल्यांत नाईट घेता येते. पुढे डाईव्हमास्टर (इतर डायव्हर्सना पाण्याखाली नेणारा व्यावसायिक) व्हायचा विचार असेल तर ती आवर्जून घ्या.