कोरियन मराठीतूनच शिकवा

मी स्वतः कोरियन शिकले ती इंग्रजी पाठ्यपुस्तकांतून. वाक्य आधी मनात इंग्रजीत जुळवायचं, मग उलटंपालटं करून कोरियनमध्ये न्यायचं, अशी दोन वर्षं गेली. पुढे सोलला शिकायला गेले. तिथे पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मैत्रिणीने घरून आलेल्या किमचीचा डबा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "मॉगॉ ब्वा." पुस्तकात या रचनेवर अख्खं पान होतं. मला मात्र त्या क्षणी सरळ ऐकू आलं: खाऊन बघ. मॉगॉ म्हणजे खाऊन, ब्वा म्हणजे बघ.

तेव्हापासून मराठी मुलांना कोरियन शिकवताना मी इंग्रजी मधे येऊ देत नाही. ज्यांना नव्याने शिकवायला सुरुवात करायची आहे, त्यांच्यासाठी माझी पद्धत लिहिते. कोरियन शब्द इथे देवनागरीत दिलेत ते वाचायच्या सोयीसाठी. वर्गात मात्र पहिल्या आठवड्यानंतर फळ्यावर देवनागरी नको.

लिपीला चार दिवस पुरतात. राजा सेजोंगने १४४३ साली ती घडवली आणि १४४६ साली जाहीर केली. अक्षरांचे आकार कशावरून घेतले हे तेव्हाच्याच ग्रंथात लिहिलेलं आहे, आणि त्याची प्रत १९४० मध्ये उजेडात आली. क म्हणताना जिभेचं मूळ उचललं जातं, त्या जिभेचं चित्र म्हणजे क. मिटलेल्या तोंडाचा चौकोन म्हणजे म. आपली मुलं कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य शाळेत शिकलेली असतात. त्याच नावांनी अक्षरांचे गट पाडा. मग क वर एक रेघ वाढवली की ख होतो, हे मुलं आपण होऊन ओळखतात.

खरा वेळ द्यायचा तो उच्चारांना. टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात बोलायचं काही नसतं, म्हणून पुष्कळ शिक्षक इथे घाई करतात. पण तिथल्या ७० प्रश्नांपैकी ३० ऐकण्याचे असतात, आणि जो आवाज कानाने वेगळा काढता येत नाही तो शब्द कळत नाही.

फळ्यावर तीन शब्द लिहा: पुल (आग), प्पुल (शिंग), फुल (गवत). प्पुलमधला प आपल्या 'पाणी'मधल्या प सारखाच, फक्त गळा जरा आवळून काढलेला. फुलमधला फ दोन्ही ओठ मिटून सोडलेला, भरपूर हवेचा. 'ऑफिस' म्हणतो तसा दात टेकवून नाही. अडतं ते पहिल्या पुलपाशी. त्यातही थोडी हवा आहे, म्हणून मराठी कानाला तो कधी प वाटतो, कधी फ. तोंडासमोर पातळ कागद धरून हवा मोजायचा प्रयोग सगळेच करतात, मीही करते, पण तेवढ्यावर भागत नाही. सोलच्या तरुण पिढीच्या बोलण्यात पुल आणि फुल यांतली हवा जवळजवळ सारखी झाली आहे. फरक राहिलाय तो पट्टीत. पुल खालच्या सुरात सुरू होतो, बाकीचे दोन वरच्या. म्हणून मी मुलांना आधी शब्द न म्हणता नुसतं गुणगुणायला लावते: पहिला 'सा'वर, उरलेले दोन 'प'वर. माझी एक विद्यार्थिनी श्रुतलेखनात प्रत्येक पुलचा फुल करायची. दोन दिवस असं गुणगुणल्यावर तिसऱ्या दिवशी तिने दहाच्या दहा बरोबर लिहिले. ते पान मी जपून ठेवलं आहे.

याला लागूनच पुबु (नवरा-बायको) हा शब्द घ्या. लिहिताना दोन्हीकडे तेच अक्षर, पण सुरुवातीला प आणि दोन स्वरांमध्ये ब. आपल्याला पाळ आणि बाळ हे वेगळे शब्द, म्हणून प आणि ब वेगळे ऐकू येतात. कोरियन माणसाला तो एकच आवाज वाटतो. देवनागरी फळ्यावर नको म्हणते ती याचसाठी. मुलं ब लिहितात आणि मग सगळीकडे ब वाचतात.

च-ज साठी एकच सूचना पुरते: 'चार'मधला च, 'चारा'मधला नाही.

शब्दाच्या शेवटी येणारी व्यंजनं पुढच्या व्यंजनाला लागून बदलतात, तेव्हा इंग्रजी पुस्तकं नियमांचे तक्ते देतात. तुम्ही फळ्यावर 'वाक् + मय = वाङ्मय' लिहा. खाली कुक् + मुल लिहा आणि गप्प बसा. कोणीतरी म्हणेलच, कुङमुल. कुङमुल म्हणजे सूपचं पाणी. जगत् + नाथ = जगन्नाथ झालं की क्कोत् + मान (फक्त फूल) क्कोन्मान होतंच. तत् + लीन = तल्लीन आठवलं की सिल्ला हे प्राचीन राज्याचं नाव सिन आणि रा अशा दोन अक्षरांत का लिहितात ते कळतं. नववीतला संधीचा धडा इतका उपयोगी पडेल असं मुलांना वाटलेलं नसतं, त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

व्याकरणात सुरुवात 'खाऊन बघ'पासूनच करा, कारण त्या एका रचनेमागून बाकीच्या रांगेने येतात. 'हे जुसेयो' म्हणजे करून द्या. स्सॉ नोथा, लिहून ठेवणे. मॉगॉ बॉर्यॉस्सॉयो, खाऊन टाकलं. यातल्या बॉरिदाचा मूळ अर्थही टाकून देणे असाच आहे! मात्र 'जेवून घे'चं असं शब्दाला शब्द भाषांतर चालत नाही, हे त्याच तासाला सांगून टाका.

आवडीनिवडीचं वाक्यही इंग्रजीकडून नेऊ नका. नानुन कोयांगिगा चोआयो. यात मांजराला लागलेला 'गा' कर्त्याचा आहे. 'मला मांजर आवडतं, मला मांजरी आवडतात' यात क्रियापद मांजराच्या मागे जातं, तसंच समजा. नानुनमधला नुन आणि हा गा यांतला फरक विचारला, तर व्याख्या सांगत बसू नका. "हे कोणी केलं?" याचं उत्तर चेगा हेस्सॉयो, मी केलं. चॉनुन आन हेस्सॉयो, मी तर नाही केलं. 'तर' सगळीकडे बसत नाही, पण पहिल्या महिन्यात तो आधार पुरतो.

उरि ऑम्मा म्हणजे शब्दशः 'आमची आई'. एकटी मुलगीसुद्धा असंच म्हणते, आणि हे मराठी वर्गात समजावून सांगावं लागत नाही.

आदरार्थी रूपांत मराठी मुलं ज्या जागी चुकतात ती एकच. आपल्या 'तुम्ही'त समोरचा माणूस आणि ज्याच्याविषयी बोलतो तो माणूस एकच असतो. कोरियनमध्ये ते दोन आदर वेगळे ठेवावे लागतात: ज्याच्याविषयी बोलतो त्याच्यासाठी 'शि', ऐकणाऱ्यासाठी 'यो'. 'आजोबा आले' हे धाकट्या भावाला सांगायचं, तर हाराबॉजि ओश्यॉस्सॉ. शि आहे, यो नाही. 'धाकटा भाऊ आला' हे बाईंना सांगायचं, तर तोंगसेंगि वास्सॉयो. यो आहे, शि नाही. दोन खुर्च्या मांडा, एकीवर 'भाऊ' आणि दुसरीवर 'बाई' अशी चिठ्ठी लावा. मुलाला एकदा आजोबांची, एकदा भावाची बातमी द्यायला लावा, खुर्च्या बदलत राहा. चौथ्या फेरीत त्याला स्वतःची बातमी द्यायला सांगा आणि शि येतो का, तेवढं लक्ष देऊन ऐका. स्वतःसाठी शि कधीच यायला नको.